मास्तर एका जागी उभे राहिले

महादेव मास्तरांना एका जागी उभं राहून वाजवता येत नसे.

येत नसे म्हणजे खरंच येत नसे. त्यांचं वाद्य युफोनियम. लहान मूल कडेवर घ्यावं तसं पोटाशी धरायचं, तोंड आभाळाकडे वासलेलं, पितळेचं. आवाज मात्र धिप्पाड माणसानं हळू बोलावं तसा. ते ओठांना लागलं रे लागलं की मास्तरांचा डावा पाय आपोआप उचलला जाई. मँचेस्टरमधलं आमचं घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगेतलं एक अरुंद घर. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत मास्तरांची चौदा पावलं. दाराशी पोचले की ते थांबत नसत, लग्नाचा बँड गल्लीच्या तोंडाशी वळतो तसं मोठं वळण घेत. त्या वळणात रोज माझा कोट खुंटीवरून खाली यायचा.

एकदा मी घर हवेशीर व्हावं म्हणून दोन्ही दारं उघडी टाकली. मास्तर मागच्या दारानं वाजवत गेले आणि बारा मिनिटांनी पुढच्या दारानं वाजवतच आले. मागून आमचा पोस्टमन. त्याला आमच्या घरी काही द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, मी नुसताच आलो.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची, भारतात फोन करायला कॉलिंग कार्डं घ्यावी लागत त्या काळातली. मास्तर तासगावचे. वडिलांचा लग्नाचा बँड, त्यात हे अकराव्या वर्षी शिरले. वय छत्तीस झाल्यावर मँचेस्टरला आले ते ब्रास वाद्याच्या वादनात मास्टर्स डिग्री करायला. माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या, सासरवाडीकडून म्हणजे माझ्याच माहेरून त्यांची ओळख निघाली, आणि मागची छोटी खोली त्यांना एक वर्षासाठी मिळाली.

अंतर ते गाण्यांत मोजत. "वैनी, ट्रामचा ष्टॉप दीड गाण्यावर हाय. सुपरमार्केट अडीच. मधे सिग्नल लागला तर तीन." आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच वाक्य असे, "वरात थांबली न्हाई पायजे." दूध उतू गेलं, वरात थांबली न्हाई पायजे. सुहासच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी आवई उठली, त्या दिवशी त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तेच सांगितलं. सुहास म्हणाला, "मास्तर, या वरातीतून मला उतरवतायत." मास्तर म्हणाले, "मग चालत या, साहेब. चालणाऱ्याला कोण उतरवतंय?"

आता माझं सांगते. मी बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडील मार्केट यार्डात हमाल होते. पदवीदानाचा माझा फोटो आमच्या हॉलमध्ये बरोब्बर समोर लावलेला आहे आणि कोणाला दिखाऊपणा वाटला तरी तो तिथेच राहणार. तेव्हा पदवी या विषयावर बोलायला मी कुणाला भीत नाही. पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, बँडमध्ये एम.ए. करून होणार काय? वरातीत आवाज जास्त येणार का?"

"न्हाई वैनी," ते म्हणाले. "कमी आवाजात वाजवायला शिकतोय. जास्तीचा येतोय की."

मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत.

त्यांची आधीची डिग्री, संगीत घेऊन बी.ए., बाहेरून, नऊ वर्षांत पुरी झालेली. परीक्षा आणि लग्नाचा सीझन एकाच वेळी येई. इंग्रजीच्या पेपरला दाट तिथी आली की पेपर पुढच्या वर्षावर. आणि इथल्या प्रवेशासाठी वादनाचं शूटिंग पाठवायचं होतं, ते त्यांनी गावातल्या लग्नांची शूटिंगं करणाऱ्या बंडूकडून करून घेतलं. मास्तर वाजवत येतायत, बंडू कॅमेरा घेऊन त्यांच्या पुढे उलटा चालतोय, असं पूर्ण मार्केटभर. बंडूला लग्नाशिवाय दुसरं काही ठाऊक नाही. त्यानं मास्तरांना गुलाबी हृदयाच्या चौकटीत बसवलं आणि चारी कोपऱ्यांतून पाकळ्या सोडल्या. त्यांचे प्रोफेसर अ‍ॅलन मला नंतर भेटले तेव्हा म्हणाले, आम्ही समितीतली चार माणसं, आधी हसलो, मग आवाज ऐकून हसायचे थांबलो. त्यांनी कळवलं, कृपया हृदयं काढून पुन्हा पाठवा. बंडूनं हृदयं काढली आणि मागे धबधबा टाकला.

प्रवेश मिळाला.

फेब्रुवारीत मास्तरांचं पहिलं रिसायटल, म्हणजे लोकांपुढचं एकट्याचं वादन, होतं. पुढे जूनमध्ये जी अंतिम परीक्षा असते, तिची ही रंगीत तालीम; हिचेही मार्क धरले जातात. कॉलेजातली एक खोली, चाळीस खुर्च्या, पियानोवर साथीला एक मुलगी. सुहास आणि मी दुसऱ्या रांगेत. मास्तरांना बजावलेलं होतं, स्टेजवर चालायचं नाही. ते उभे राहिले, सुरू झाले. पाय जागच्या जागी उचलले जात होते पण जागा सुटत नव्हती. छान चाललं होतं. तिसऱ्या मिनिटाला हळू वाजवायचा भाग आला. इतका हळू की खिडकीबाहेरची बस ऐकू येत होती. खोली एकदम चिडीचूप.

आणि मास्तर थांबले. वाद्य खाली घेतलं. घाबऱ्या डोळ्यांनी रांगांवरून नजर फिरवली आणि सुहासकडे बघून, चक्क मराठीत, मोठ्यांदा विचारलं, "काय झालं वो?"

कोणाला काही कळेना. पियानोवाल्या मुलीनं हात मांडीवर घेतले. मास्तर स्टेजवरून उतरून खुर्च्यांमध्ये आले, कोण पडलंय का ते बघायला. प्रोफेसर अ‍ॅलनना वाटलं यांनाच चक्कर आली, म्हणून ते पाण्याचा ग्लास घेऊन धावले. वादन तिथेच संपलं. निकाल नापास.

परत येताना ट्राममध्ये मी विचारलं, "मास्तर, बरं वाटत नव्हतं का?"

"बरं हुतं की. पर माणसं गप झाली न्हवं."

"ऐकत होती ती."

"ऐकत?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही तरी अभद्र बोलले. "वैनी, वरातीत माणसं गप कवा हुत्यात? भावकीत मारामारी लागली तर. न्हाईतर नवरदेव घोड्यावरनं पडला तर. एकदा मिरजंत नवरीचं चुलतं नाचता नाचता जागच्या जागी गेलं, तवा झाली हुती. पंचवीस वर्षं वाजवतोय. आमी वाजवतोय आन् माणसं गप हैत, म्हंजे कायतरी इपरीत घडलंय. हात थांबतोच वो."

सुहास म्हणाला, "पण मास्तर, कधीतरी लोक ऐकत असतील ना?"

"ऐकाय कोण येतंय, साहेब? नाचाय येत्यात." मग ते जरा हसले. "तुमच्या लग्नात मीच हुतो की. चौकापासनं मांडवापतोर. सांगा बरं, काय वाजवलं हुतं?"

सुहास तिकिटावरची छपाई वाचायला लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या लग्नातला मेनू मी आजही सांगेन. कोणत्या आत्यानं कोणती साडी नेसली तेही सांगेन. बँड होता एवढं आठवतं.

"न्हाई आटवणार," मास्तर म्हणाले. "त्यात तुमचं काय चुकलं? लगीन तुमचं हुतं. पर म्हणूनच आलो हितवर. म्हनलं, एकदा तरी माणसांनी खुर्चीत बसून ऐकावं. काय न करता. आन् बसली, तर मलाच भ्या वाटलं."



जूनमध्ये पंचेचाळीस मिनिटांचं अंतिम रिसायटल. त्यात पुन्हा थांबले तर डिग्री नाही. आणि व्हिसा वर्षाचाच. मी घरी येऊन कोट खुंटीला लावला आणि जाहीर केलं, "दर रविवारी अकरा वाजता आपल्या हॉलमध्ये लोक येऊन गप्प बसतील."

सुहास म्हणाला, "कोण लोक?"

"आपले मराठी लोक."

"आपले मराठी लोक," सुहास म्हणाला, "पंचेचाळीस मिनिटं. गप्प."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मँचेस्टरभर फोन केले, त्यातून दोन जोडपी आणि पाटणकर काका जमले. काका रिटायर्ड डॉक्टर, तीस वर्षं गाण्याच्या बैठकींना गेलेले, त्यांना "वा!" म्हटल्याशिवाय ऐकताच येत नाही. सहावी शेजारची डोरीन आजी. वय ऐंशीच्या घरात. तिचे वडील इथल्या कापडगिरणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. मास्तरांबद्दल तिनं आमच्याकडे तोवर एकच तक्रार केली होती, तीही तिच्या सवयीनं मला 'लव्ह' म्हणत, "त्याला सांग, लव्ह, मधेच थांबू नको म्हणावं. भिंतीपलीकडे मला पुढे काय झालं ते कळत नाही."

मी नियम सांगितला. चहा नंतर, पोहे नंतर, बोलेल त्याला पोहे नाहीत. मास्तरांच्या पायाखाली पुढच्या दारातलं पायपुसणं टाकलं. त्याच्याबाहेर पाऊल पडलं तर त्यांनाही पोहे नाहीत.

पहिल्या रविवारी चार मिनिटं झाली. मास्तरांनी वाद्य ओठांवरून काढलं. "वैनी, काय झालं?"

"काही झालं नाही. वाजवा."

सात मिनिटं. "वैनी?"

"काही झालं नाही!"

नवव्या मिनिटाला काकांच्या तोंडून "वा" निसटलं. मास्तरांचा चेहरा असा उजळला, जशी बुडणाऱ्याला फळी सापडावी. मी काकांकडे बघितलं. काकांनी त्या दिवशी पोहे खाल्ले नाहीत. पुढच्या रविवारपासून ते तोंडावर हात ठेवून बसायला लागले. एखादी जागा फारच छान आली की हातामागे त्यांचे गाल फुगत.

तिसऱ्या रविवारी सुहास झोपला आणि घोरला. मी चिमटा काढला. मास्तर नंतर म्हणाले, "साहेबास्नी कशाला उठवलं? जरा सोबत हुती."

हळूहळू मात्र पायपुसण्यावरचे ते बूट शांत झाले. वरात बुटाच्या आत चालू राहिली. चामडं नीट बघितलं तर बोटं हलताना दिसत. आणि एप्रिलमध्ये एक नवीनच प्रकार सुरू झाला. चहा पिता पिता मास्तर आमच्या गप्प बसण्यावर बोलायला लागले. "आज पयल्या गाण्याला गप पातळ हुती. साहेबांचं ध्यान हापिसात हुतं." "काकांची गप फुगीर हाय." "त्या ताईंची गप कट्टाळ्याची. मनात भाजी चिरत हुत्या." त्या ताई लाजल्या; खरोखरच मनात भाजी चिरत होत्या. "आन् डोरीन आज्जीची," मास्तर म्हणत, "घट्ट. खरवसावानी."

मी ते डोरीनला समजावलं. खरवस समजावायला वेळ लागला. ती म्हणाली, "माझे वडील वाजवायचे तेव्हा आम्ही सहा भावंडं अशीच बसायचो. नाही बसलो तर पुडिंग मिळायचं नाही."

मला बरं वाटलं. माझी पद्धत जुनी आणि ताडून बघितलेली निघाली.

जूनमधल्या त्या दुपारी मी हाफ डे टाकला. सुपरवायझरनं कारण विचारलं, मी म्हटलं, घरातल्या माणसाची परीक्षा आहे. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, त्यांत आमची रविवारची मंडळीही. मधल्या रांगेत तीन परीक्षक. कॉलेजनं कळवलं होतं, फॉर्मल कपडे घाला. बाकीची मुलं काळ्या कपड्यांत. मास्तर आले ते लाल कोटात, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर दोन ओळी पितळी बटणं. मी दारात हाय खाल्ली.

"अहो मास्तर, फॉर्मल सांगितलंय ना?"

"वैनी, आमच्याकडं ह्याच्यापरीस फॉर्मल काय नसतंय."

पहिला तुकडा जोराचा होता, तो त्यांच्या हातचा मळ. दुसरा तोच, फेब्रुवारीतला, हळू. आवाज उतरत उतरत इतका बारीक झाला की वाद्य संपून नुसता श्वास उरलाय असं वाटावं. सभागृहात सत्तर माणसं आणि एकही बूट घासला जात नव्हता. मास्तरांनी तो सूर शेवटपर्यंत नेला, ठेवला, आणि वाद्य खाली घेतलं.

झालं, मी मनात म्हटलं. आता विचारणार. माझे ओठ आधीच हलत होते, काही झालं नाही, वाजवा.

पण ते आमच्याकडे बघतच नव्हते. मान किंचित वाकडी करून, डोळे मिटून उभे होते. पियानोवरची मुलगी हात उचलून थांबली. परीक्षकांतल्या बाईंनी पेन उचललं आणि कागदाला न टेकवताच धरून ठेवलं. मी आयुष्यात लॅबमधले खूप टायमर लावलेत. ती शांतता किती सेकंदांची होती ते मला सांगता येत नाही. मास्तर घाईत नव्हते. मग त्यांनी डोळे उघडले, मुलीला मान हलवली, आणि शेवटचा तुकडा सुरू केला.

तो त्यांच्या वडिलांनी बांधलेला होता. वरात मांडवाच्या दारात पोचताना वाजवायची चाल. मास्तरांनी तिला पियानोची साथ लिहिली होती. पहिल्या ओळीतच परीक्षक बाईंचा बूट हलायला लागला. मग त्यांच्या शेजाऱ्याचा. मागच्या रांगांत विद्यार्थ्यांचे गुडघे. डोरीनची काठी. आख्ख्या सभागृहात दोनच पाय स्थिर होते, आणि ते लाल कोटाखाली होते.

शेवटचा सूर संपला आणि पाटणकर काका उभे राहिले. चार महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "वा! वा मास्तर! वा! वा! वा!" त्यांना आवरायची गरजच पडली नाही, कारण सगळेच उभे राहिले होते.

या रिसायटलचा निकाल डिस्टिंक्शन. मास्तरांनी कागद माझ्यापुढे धरला. "वैनी, ह्याचा अर्थ पास न्हवं?"

"मास्तर, पासाच्या खूप वर. सगळ्यात वर."

मला स्वतःला फर्स्ट क्लास होता. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. डोरीननं पदवीदानाच्या झग्याला इस्त्री केली, मी फोटो काढला, आणि तो आमच्या हॉलमध्ये माझ्या फोटोच्या शेजारी लागला. जागा करायला माझा थोडा डावीकडे सरकवला. माझा फोटो मी दुसऱ्या कोणासाठी सरकवला नसता.

कॉलेजनं रिसायटलची सीडी करून दिली होती. मास्तरांच्या जाण्याच्या आधीच्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. हॉलमध्ये सीडी लागल्याचं कळलं, पण वाजवणं काही ऐकू येईना. दोन सूर आले की तुटत. पुन्हा दोन सूर, पुन्हा काही नाही. मला वाटलं प्लेअर बिघडला. डोकावून बघितलं तर मास्तर सोफ्याच्या कडेला बसलेले, हातात रिमोट. वाजवलेला भाग ते पुढे ढकलत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मधे आले, तिथे त्यांनी बोट काढलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

स्पीकरमधून एक बारीक खर्र आली. कुठेतरी खुर्ची करकरली. कुणीतरी खोकला येता येता गिळला.

"वैनी, आयका," ते हळूच म्हणाले. "किती माणसं हैत. एकबी उठून गेलं न्हाई."

मी दारातच उभी राहिले. त्यांनी तेवढाच तुकडा मागे घेतला, पुन्हा लावला. मग कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले, तासगावला फोन लावला आणि रिसीव्हर स्पीकरला टेकवून धरला. आबा, म्हणजे त्यांचे वडील, वाजवून वाजवून ओठ गेलेले, आता घरीच असत. त्यांचा आवाज मला इथपर्यंत येत होता.

"म्हादू? आरं काय लावलंस? काय ऐकू येत न्हाई रं!"

"तेच ऐकवतोय, आबा," मास्तर म्हणाले.

पलीकडून पुन्हा काही तरी विचारायला सुरुवात झाली आणि अर्ध्यावर थांबली. मास्तर रिसीव्हर धरून बसले होते, मान खाली घालून. दारालगतच्या केटलच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला.